पायलट प्रकल्पांचं मूल्यमापन: पेपरांची बेरीज करण्याआधी काय तपासायचं

मार्च उजाडला की इंदुरातल्या कितीतरी विभागांत एकाच मजकुराचा मेल फिरतो: ‘प्रकल्पातून प्रकाशित झालेल्या पेपरांची यादी सोमवारपर्यंत पाठवावी.’ याद्या येतात, एका एक्सेल शीटमध्ये चिकटवल्या जातात, बेरीज होते आणि अहवाल वर जातो. त्यातला कुठला पेपर खरोखर या पैशामुळे झाला आणि कुठला त्याशिवायही झालाच असता, हे तपासायचं राहून जातं. दोन संस्थांनी एकत्र काम केलं की फक्त नावं एकत्र छापली, हेही कुणी विचारत नाही.

हा लेख अशा मूल्यमापनाची जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी आहे: रिसर्च सेलचे समन्वयक, डीन, विभागप्रमुख किंवा समितीत नेमलेला एखादा प्राध्यापक. डोळ्यासमोर आहेत ते पायलट, म्हणजे छोटे, मुदतीचे, दोन-तीन संस्थांनी मिळून केलेले प्रकल्प. इंदुरात अशा जोड्या सहज जमतात. विद्यापीठाचा तक्षशिला परिसर, यूजीसी-डीएई सीएसआर हे संशोधन केंद्र, सोयाबीन संशोधन संस्था आणि सिमरोलची आयआयटी ही सगळी खंडवा रोडलाच लागलेली. राजेंद्रनगरच्या बाजूला अणुऊर्जा विभागाचं आरआरकॅट, आणि एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी कॉलेज तर गावातच. कॉलेजचा प्राध्यापक आणि मोठ्या संस्थेतला शास्त्रज्ञ यांचा जोडप्रकल्प हा इथला नेहमीचा प्रकार आहे, म्हणून उदाहरणंही तशीच घेतली आहेत.

क्रम पाळा, एवढं आधीच सांगतो. बहुतेक चुका पाचवी पायरी पहिली केल्यामुळे होतात.

पायरी १: यादी मागवण्याआधी नियम लिहून काढा

पेपरांची यादी एकदा डोळ्यांखालून गेली की नियम तिच्याप्रमाणे वाकायला लागतात. चांगल्या जर्नलमधला एक पेपर दिसतो, तो मुदतीबाहेरचा असतो आणि समिती मुदतच सैल करते. म्हणून यादी येण्यापूर्वी दोन पानांचं टिपण तयार करा आणि समितीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. त्यात पुढच्या गोष्टी हव्यात.

पहिली, मूल्यमापनाचा प्रश्न. ‘कार्यक्रम कसा झाला?’ याला प्रश्न म्हणता येत नाही. ‘या योजनेमुळे आधी एकत्र काम न केलेल्या जोड्या तयार झाल्या का, आणि पैसा संपल्यावर त्या टिकल्या का?’ हा प्रश्न आहे. योजना मोठ्या अनुदानासाठी प्राथमिक विदा (डेटा) मिळवायला दिली असेल, तर प्रश्न वेगळा होईल आणि पेपरांचं महत्त्वही कमी होईल. मंजुरीपत्रात उद्दिष्ट काय लिहिलं होतं ते शब्दशः उतरवा. अनेकदा त्यात पेपरचा उल्लेखही नसतो.

दुसरी, मोजणीचं एकक. माणूस मोजायचा, संस्था मोजायची की जोडी? सहकार्याचं मूल्यमापन असेल तर एकक जोडीच असलं पाहिजे. तिसरी, कालखंड. प्रकल्प संपल्यावर किती महिन्यांपर्यंतचे पेपर धरायचे? माझ्या मते दोन वर्षांच्या प्रकल्पाला समाप्तीनंतर किमान चोवीस महिने द्यावेत. चौथी, कोणता पेपर ‘संयुक्त’ म्हणायचा याची व्याख्या, आणि मतभेद झाल्यास निर्णय कुणाचा.

समिती नेमतानाही जपावं लागतं. आपल्या गावात एका विषयातली माणसं मोजकीच. कुणी कुणाचा विद्यार्थी, कुणी कुणाच्या पीएचडीचा परीक्षक. गेल्या काही वर्षांत अर्जदारांपैकी कुणाबरोबर पेपर लिहिलेल्या सदस्याने त्या जोडीपुरतं बाहेर बसायचं, असं टिपणात लिहूनच ठेवा. आणि एक सदस्य इंदूरबाहेरचा घ्या. ऑनलाइन बैठकीला तो भोपाळहून बसला काय नि पुण्याहून बसला काय, सारखंच.

> तपासा: टिपणावर तारीख आहे ना? ती यादी मागवल्याच्या मेलच्या आधीची हवी.

पायरी २: प्रत्येक प्रकल्पाची तारखांची पट्टी करा

पीआयच्या, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाच्या, आठवणीवर विसंबू नका. मंजुरीपत्र, हप्ते जमा झाल्याच्या तारखा, उपकरण बसवल्याचा दाखला, जेआरएफचं (प्रकल्पावर नेमलेल्या कनिष्ठ संशोधकाचं) रुजूपत्र, मुदतवाढीचं पत्र आणि उपयोगिता प्रमाणपत्र एवढे कागद पुरेसे आहेत. केंद्र सरकारचा पैसा असेल तर वित्तीय नियम २०१७ मधलं जीएफआर १२-ए हे उपयोगिता प्रमाणपत्राचं प्रपत्र लेखा विभागाकडे असतंच. त्यातून कुठल्या वर्षी किती रक्कम खरोखर खर्च झाली ते कळतं.

एका प्रकल्पाला एक आडवी ओळ. तिच्यावर मंजुरी, पैसा, उपकरण, माणूस आणि समाप्ती या पाच खुणा. पुढचं सगळं काम या ओळीवर उभं राहणार आहे.

> सावधान: मंजुरीची तारीख म्हणजे काम सुरू झाल्याची तारीख नव्हे. पहिला हप्ता काही महिने उशिरा येणं आणि खरेदी त्याच्याही पुढे सरकणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

पायरी ३: जोडी आधीपासूनची आहे का ते शोधा

नवं सहकार्य घडवणं हा हेतू असेल, तर मंजुरीपूर्वीच्या पाच वर्षांत या दोघांचे एकत्र पेपर किती, हा आकडा हवाच. त्याशिवाय प्रकल्पकाळातल्या तीन संयुक्त पेपरांना काही अर्थ येत नाही. आधीही ते दरवर्षी दोन लिहीत असतील, तर योजनेने काय वेगळं केलं?

हे शोधताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. एक संस्थांच्या नावांची. आपलंच विद्यापीठ पेपरांवर कुठे ‘देवी अहिल्या विश्वविद्यालय’, कुठे ‘देवी अहिल्या युनिव्हर्सिटी’, तर कुठे नुसतं ‘डीएव्हीव्ही’ म्हणून छापलेलं असतं. आरआरकॅटचं आधीचं नाव सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. जुने लोक अजून ‘कॅट’च म्हणतात आणि जुन्या पेपरांवरही तेच आहे. यूजीसी-डीएई सीएसआर पूर्वी आययूसी-डीएईएफ होतं. जुनं सहकार्य खणून काढायचं असेल तर जुन्या नावांनीही शोध घ्यावा लागतो.

दुसरी गफलत माणसांच्या नावांची. एकच ‘जोशी’ कुठे आद्याक्षराने, कुठे पूर्ण नावाने, कुठे मधलं नाव लावून. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे आधीचे पेपर तर शोधातून सरळ गळतात आणि त्यांची जुनी जोडी ‘नवी’ ठरते. यावर उपाय ऑर्किड क्रमांकाचा. हा सोळा अंकी ओळख क्रमांक २०१२ पासून मिळतो आणि फुकट आहे. पण फक्त क्रमांक मागू नका. ऑर्किड पान अद्ययावत करून त्याची लिंक पाठवा असं सांगा, कारण अनेकांनी क्रमांक घेतलेला असतो आणि पान रिकामं असतं.

पेपर नसले तरी जुनी ओळख असू शकते. दोघं एकाच गाइडचे विद्यार्थी होते का, एकाने दुसऱ्याच्या संस्थेत पोस्टडॉक केलं होतं का, हे एका ओळीत विचारा. यात दोष काही नाही. ओळखीतून झालेलं काम चांगलंच असतं. फक्त त्याला ‘योजनेमुळे जुळलेली जोडी’ म्हणता येणार नाही.

पायरी ४: यादी तीन वाटांनी गोळा करा

पहिली वाट पीआयने दिलेली यादी. दुसरी वाट डेटाबेसमध्ये लेखक आणि संस्थेच्या नावाने घेतलेला शोध. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सची वर्गणी नसेल तर जानेवारी २०२२ पासून उपलब्ध असलेलं ओपनअ‍ॅलेक्स वापरा. ते सर्वांना खुलं आहे. तिसरी वाट अनुदान क्रमांकाने शोध, क्रॉसरेफच्या, म्हणजे प्रकाशकांनी पेपरांची माहिती जिथे भरलेली असते त्या संस्थेच्या, नोंदींमध्ये.

तिसरी वाट सगळ्यात सोपी वाटते, म्हणून बरेच जण तेवढीच घेतात. पण प्रकाशकाने अनुदानाची माहिती नोंदीत भरलेलीच नसते, किंवा लेखकाने क्रमांकातला एखादा तिरका दंड गाळलेला असतो, आणि पेपर हाती लागत नाही. उलट पहिल्या वाटेने नको ते पेपरही येतात. तीनही याद्या एकत्र ठेवल्या म्हणजे चित्र भरतं.

प्रत्येक पेपरला डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, हवा. नसेल तर पेपरचं पहिलं पान पीडीएफमध्ये मागवा. नुसतं शीर्षक आणि जर्नलचं नाव स्वीकारू नका. ‘अ‍ॅक्सेप्टेड’ असेल तर संपादकाचा मेल, आणि ‘सबमिटेड’ वेगळ्या तक्त्यात. ते बेरजेत येत नाहीत.

पायरी ५: आधी दुबार नोंदी, मग तारखांची चाळणी

दुबार नोंदी तीन प्रकारच्या असतात. एकच पेपर दोन्ही भागीदारांच्या अहवालात येतो. एकच काम प्रीप्रिंट (समीक्षेआधी खुला केलेला मसुदा), परिषदेतला पेपर आणि जर्नलमधला पेपर अशा तीन रूपांत येतं. आणि एकच पेपर एकाच संस्थेच्या दोन वेगवेगळ्या अनुदानांखाली दाखवला जातो. पहिला प्रकार डीओआयने पकडता येतो. दुसऱ्यासाठी शीर्षकं शेजारी ठेवून वाचावी लागतात, कारण तिन्हींचे डीओआय वेगळे असतात. एएनआरएफ या केंद्रीय अनुदान संस्थेच्या पेअर कार्यक्रमासारखी हब आणि स्पोक रचना, म्हणजे एक मुख्य संस्था आणि तिला जोडलेल्या अनेक संस्था, असेल तर हबचा पेपर प्रत्येक स्पोकच्या यादीत उगवू शकतो. तिथे एकत्रित यादी करूनच बेरीज करा.

आता चाळणी. या अख्ख्या कामात एकच गोष्ट नीट करायची वेळ असेल तर ही करा.

बहुतेक जर्नलं पेपरच्या पहिल्या पानावर किंवा शेवटी तीन तारखा छापतात: हस्तलिखित मिळाल्याची, सुधारून आल्याची आणि स्वीकारल्याची. आपण नेहमी प्रकाशनाची तारीख बघतो. बघायची ती पहिली, हस्तलिखित मिळाल्याची.

समजा मंजुरीपत्र १ जुलै २०२३ चं आहे. पहिला हप्ता ऑक्टोबरमध्ये आला, भट्टी डिसेंबरमध्ये बसली, जेआरएफ जानेवारी २०२४ मध्ये रुजू झाली. यादीत एक पेपर आहे, प्रकाशन फेब्रुवारी २०२४. प्रकल्पकाळातला दिसतो. पण पहिल्या पानावर हस्तलिखित मिळाल्याची तारीख २० सप्टेंबर २०२३ आहे. म्हणजे जर्नलकडे पेपर गेला तेव्हा खात्यात पैसा नव्हता, भट्टी नव्हती आणि माणूसही नव्हता. मग या पैशाने त्या पेपरला काय दिलं? फार तर सुधारणेच्या फेरीत एखादं जास्तीचं मोजमाप. तेही झालं असेल तर लेखक दाखवू शकतील.

अशा पेपरात खोटेपणा नसतो. शेवटी आभारात अनुदानाचं नाव घालणं हा अनेकदा सौजन्याचाच भाग असतो, आणि तसं घाला म्हणून अनुदान देणाऱ्यांनीच सांगितलेलं असतं. त्यामुळे पीआयला जाब विचारल्याच्या सुरात बोलू नका. फक्त पेपर योग्य खान्यात टाका.

> तपासा: पायरी २ मधली पट्टी आणि हस्तलिखित मिळाल्याची तारीख शेजारी-शेजारी आहेत का? तारीख न छापणाऱ्या जर्नलच्या बाबतीत लेखकाकडून सबमिशनच्या पोचमेलची प्रत घ्या.

पायरी ६: श्रेय तीन खान्यांत वाटा

तारखांची चाळणी झाली की उरलेल्या पेपरांचे आभाराचे परिच्छेद वाचा. शोधून नव्हे, उघडून वाचा. तिथे पाच-पाच अनुदानांची नावं असतात. मग पेपरच्या पद्धती-विभागात जा आणि बघा की या प्रकल्पातून घेतलेलं उपकरण, नमुने किंवा माणूस तिथे खरोखर दिसतो का.

मी तीन खाने सुचवतो. ‘अ’ म्हणजे मुख्य काम या पैशातून: विदा प्रकल्पात मिळाली आणि लेखकांत प्रकल्पातला माणूस आहे. ‘ब’ म्हणजे कामाचा एक भाग, सांगता येईल असा. ‘क’ म्हणजे फक्त उल्लेख. ‘क’ मधले पेपर अहवालाच्या जोडपत्रात दाखवा, बेरजेत घेऊ नका.

पुढचा प्रश्न लेखकत्वाचा, आणि आपल्याकडे तो नाजूक आहे. मोठ्या संस्थेतल्या उपकरणावर मोजमाप करून दिलं म्हणून तिथल्या शास्त्रज्ञाचं नाव लेखकांत घालायचं का? वैद्यकीय जर्नल संपादकांच्या समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष बऱ्याच विषयांत आधाराला घेतले जातात. कामात भरीव वाटा, लेखनात किंवा गंभीर फेरतपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. चारही हवेत. पैसा मिळवून दिला किंवा उपकरण उपलब्ध करून दिलं एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही, आभार मिळतात.

आरआरकॅटच्या इंडस-२ वर, म्हणजे तीव्र क्ष-किरण देणाऱ्या अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सिंक्रोट्रॉन यंत्रावर, एखाद्या कॉलेजच्या विद्यार्थिनीने नमुने मोजले असं धरा. बीमलाइनवरच्या (किरणांच्या मोजमाप केंद्रावरच्या) शास्त्रज्ञाने ठरलेल्या पद्धतीने मोजमाप करून दिलं, तर ती सुविधा झाली. त्यानेच कोणत्या कडेजवळ (क्ष-किरणांचं शोषण एकदम वाढतं त्या ऊर्जेजवळ) मोजायचं ते सुचवलं, नमुने पुन्हा बनवायला लावले आणि आलेखांचा अर्थ लावताना सोबत बसला, तर ते सहकार्य झालं. पेपरवर दोन्ही वेळा नावं सारखीच दिसू शकतात. फरक विचारल्याशिवाय कळत नाही.

विचारण्यासाठी क्रेडिट नावाची यादी कामाला येते. त्यात संकल्पना, पद्धत, विदा सांभाळणं, पहिला मसुदा, देखरेख अशा चौदा भूमिका आहेत. अनेक जर्नलं आता हे निवेदन छापतात. छापलेलं नसेल तर प्रत्येक ‘अ’ आणि ‘ब’ पेपरसाठी एक पानी तक्ता भरून घ्या, पण दोन्ही भागीदारांकडून वेगवेगळा. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. ‘पहिला मसुदा’ दोघांनीही स्वतःच्या नावावर लिहिला असेल, तर तिथे थांबून बोलायला हवं.

> सावधान: भरलेला तक्ता एका भागीदाराने दुसऱ्याला ‘बघून सही करा’ म्हणून पाठवला असेल तर तो परत करा.

पायरी ७: भागीदारांशी बोला, आणि सुरुवात विद्यार्थ्यापासून करा

बोलण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिसर्च स्कॉलर किंवा जेआरएफ, मग कॉलेजचा भागीदार, शेवटी मोठ्या संस्थेचा. उलट केलंत तर खालच्या माणसाला वरच्याचं म्हणणं आधीच कळलेलं असतं आणि तो तेच सांगतो. प्रत्येकाशी स्वतंत्र बोला, आणि विद्यार्थ्याशी बोलताना गाइड त्या खोलीत नको. त्याने काही अडचणीचं सांगितलं तर ते त्याच्या नावाने अहवालात येणार नाही, हे बसण्याआधी सांगा आणि पाळा. ज्याची पीएचडी त्याच गाइडच्या सहीवर अवलंबून आहे, त्याच्यावर आपल्या अहवालाचा भार टाकायचा आपल्याला हक्क नाही.

‘सहकार्य कसं होतं?’ असं विचारलं की ‘फार छान, सर’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी कामाचे प्रश्न विचारा. नमुने कुणी बनवले? कुठल्या भट्टीत? मोजमापाला कोण गेलं, किती वेळा? आलेख कुणी काढले? पहिला मसुदा कुणी लिहिला? रिव्ह्यूअरच्या शंकांना उत्तरं कुणी दिली? एखाद्या मुद्द्यावर दोघांचं पटलं नाही असं झालं का, आणि मग काय ठरलं?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खरोखर एकत्र काम केलेल्यांना मतभेद आठवतात, तेही तपशिलासकट. ‘ते म्हणाले तापमान वाढवा, मी म्हटलं फेज बदलेल, मग दोन्ही करून बघितलं.’ असं वाक्य ऐकलं की त्या जोडीबद्दल दुसरा पुरावा फारसा लागत नाही. कधीच काही मतभेद झाला नाही असं दोघंही सांगत असतील, तर बहुधा एकाने नमुने पाठवले आणि दुसऱ्याने आकडे परत पाठवले, इतकंच घडलेलं असतं.

मग कागद बघा. प्रयोगशाळेची नोंदवही, नमुन्यांची नोंद, बीमटाइम (यंत्रावरची वेळ) मंजूर झाल्याचा मेल, आत प्रवेशाच्या परवानगीचे मेल, दौऱ्याची बिलं. अणुऊर्जा विभागाच्या परिसरात कुणी न सांगता आत जाऊ शकत नाही, त्यामुळे भेटींच्या तारखा कुठल्यातरी कागदावर सापडतातच. त्या तारखा पट्टीवर लावा. सहा भेटी पहिल्या चार महिन्यांत आणि नंतर वर्षभर काहीच नाही, असं दिसलं तर त्या वर्षात काय झालं ते विचारा. कधी उपकरण बंद पडलेलं असतं, कधी माणूस नोकरी मिळून गेलेला असतो, कधी संबंधच थंडावलेले असतात. तीनही गोष्टी अहवालाच्या दृष्टीने वेगळ्या आहेत.

आणि एमओयूवर (सामंजस्य करारावर) सही झाली म्हणजे सहकार्य झालं असं मानू नका. सहीच्या फोटोला पुराव्यात जागा नको.

पायरी ८: जर्नलची पारख

इथे वेळ कमी लागतो, पण सवयी मोडाव्या लागतात. यूजीसीची केअर, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. जर्नल पारखण्याची जबाबदारी आता संस्थेवर आहे. तरीही ‘केअर लिस्टेड आहे का?’ हा रकाना जुन्या फॉर्ममध्ये तसाच छापला जातो. तो काढा. त्याऐवजी संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, समीक्षेची पद्धत जाहीर केली आहे का, फी किती ते आधी सांगतात का, आणि पाठवल्यापासून स्वीकारेपर्यंत किती दिवस लागले, हे बघा. पाच दिवसांत स्वीकारलेल्या पेपरची समीक्षा कुणी आणि कधी केली हा प्रश्न विचारलाच पाहिजे. त्या जर्नलचे अलीकडचे दोन-तीन पेपर त्या विषयातल्या सदस्याने प्रत्यक्ष वाचावेत.

प्रत्येक डीओआय मागे घेतलेल्या पेपरांच्या यादीतही तपासा. रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह २०२३ पासून क्रॉसरेफकडे असून तो सर्वांना खुला आहे.

इम्पॅक्ट फॅक्टरांची बेरीज करू नका. ती संख्या जर्नलच्या आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना एका वर्षात मिळालेल्या उल्लेखांची सरासरी आहे. तुमच्यासमोरच्या पेपरबद्दल ती काही सांगत नाही. संशोधनाच्या मूल्यमापनात जर्नलचे असे आकडे वापरू नयेत, हेच डोरा या जाहीरनाम्यात २०१२ पासून सांगितलं आहे. पायलट प्रकल्पात उल्लेखसंख्याही जवळजवळ निरुपयोगी असते, कारण सहा महिन्यांपूर्वी छापलेल्या पेपरला उल्लेख मिळायला वेळच मिळालेला नसतो.

पायरी ९: मोजणी

दोन प्रकारे मोजा आणि दोन्ही आकडे द्या. पूर्ण मोजणीत प्रत्येक संस्थेला प्रत्येक पेपरसाठी एक. विभागून मोजणीत पेपर एकच, आणि तो लेखकांच्या प्रमाणात वाटलेला. एका पेपरवर सहा लेखक आहेत, तीन कॉलेजचे, दोन संशोधन संस्थेचे, एक परदेशातला. पूर्ण मोजणीत तिन्ही ठिकाणी एक-एक मिळून तीन होतात. विभागून मोजलं तर कॉलेजला अर्धा, संस्थेला एक-तृतीयांश आणि परदेशी विद्यापीठाला एक-षष्ठांश, मिळून एक. लेखकाने दोन संस्थांचे पत्ते दिले असतील तर त्याचा वाटा दोन्हींत निम्मा-निम्मा. प्रत्येक संस्थेचे आकडे सरळ जोडल्यामुळे कार्यक्रमाची एकूण बेरीज फुगते, ती याच ठिकाणी.

करस्पॉन्डिंग लेखक (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) कोण, हेही प्रत्येक पेपरपुढे लिहा. सगळ्याच पेपरांत तो मोठ्या संस्थेचा असेल, तर कॉलेजच्या माणसाला स्वतः प्रश्न मांडायची संधी मिळाली की नाही, याची चौकशी पायरी ७ मध्ये झालेली असायला हवी.

टक्केवारी टाळा. तीन जोड्यांपैकी दोन टिकल्या तर ‘तीनपैकी दोन’ लिहा. ‘६७ टक्के’ लिहिलं की वाचणाऱ्याला मागे शेकडो जोड्या असल्यासारखं वाटतं.

शक्य असेल तर तुलनेला त्याच फेरीत थोडक्यात हुकलेले अर्ज घ्या. गुणांनी जवळचे, पण मंजूर न झालेले. त्या जोड्यांनी त्याच काळात काय केलं हे ओपनअ‍ॅलेक्सवर एका दुपारी शोधता येतं. पैशाशिवायही त्यांनी तेवढंच काम केलं असेल, तर ते अहवालात लिहायलाच हवं, कितीही अवघड वाटलं तरी.

पायरी १०: पेपर नसलेलं फलित

पीएचडीचे सह-मार्गदर्शन, खुली ठेवलेली विदा, एकत्र लिहिलेला पुढचा प्रस्ताव, बसवलेलं आणि दोघंही वापरत असलेलं उपकरण, कॉलेजच्या विद्यार्थ्याला मिळालेलं प्रशिक्षण. यांना पेपरांच्या बेरजेत गुण देऊन मिसळू नका. वेगळ्या तक्त्यात पुराव्यासह ठेवा.

‘जमलं नाही’ याचीही नोंद हवी. सोयाबीनच्या दाण्यांवरचं एखादं लेपन प्रयोगशाळेत चाललं आणि शेतात चाललं नाही, हे दोन पानांत नीट लिहिलेलं असेल तर पुढच्या अर्जदाराचा एक खरीप वाचतो. पायलट योजना यासाठीच तर असते. अशा जोडीला ‘शून्य पेपर’ म्हणून तळाला टाकणारा तक्ता चुकीचा आहे.

पायरी ११: मसुदा, दुरुस्ती, निर्णय

मसुदा तयार झाला की प्रत्येक जोडीला तिच्यापुरतं पान पाठवा आणि दहा दिवस द्या. दुरुस्ती फक्त वस्तुस्थितीची: तारीख चुकली, पेपर राहिला, नाव चुकलं. मतं बदलून मागितली तर ती वेगळ्या टिपेत तशीच जोडा, पण निष्कर्ष हलवू नका.

प्रत्येक जोडीबद्दल तीनपैकी एक शिफारस हवी: पुढे चालू, बदल करून चालू, किंवा इथे थांबवा. तिच्याखाली कारण चार-पाच वाक्यांत, आणि ते कुठल्या पुराव्यावर उभं आहे ते. ‘बदल करून’ म्हणताना कुठला बदल ते सांगा. जेआरएफ कॉलेजच्या नावावर नेमा, दुसऱ्या वर्षी किमान एका पेपरचा करस्पॉन्डिंग लेखक कॉलेजचा ठेवा, असं नेमकं. ‘सहकार्य अधिक दृढ करावे’ या वाक्याने कुणाचंच काही होत नाही.

आणि दुसरी मोजणी ठरवा. पायरी १ मध्ये समाप्तीनंतर चोवीस महिने धरले असतील, तर ती तारीख अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा. तिच्यापुढे जबाबदार व्यक्तीचं नाव नको, पद लिहा. समन्वयक दोन वर्षांत बदलतो आणि एक्सेल शीट त्याच्या लॅपटॉपबरोबर जाते. म्हणून शीट, पट्ट्या, भरलेले तक्ते आणि सह्या केलेलं नियमांचं टिपण संस्थेच्या सामायिक ड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. विद्यार्थ्यांच्या मुलाखतींच्या नोंदी मात्र त्या फोल्डरमध्ये नकोत. त्या समितीच्या अध्यक्षांकडे बंद पाकिटात ठेवा.

> तपासा: दुसऱ्या मोजणीला लागणारे डीओआय, अनुदान क्रमांक आणि ऑर्किड हे तीन रकाने शीटमध्ये पूर्ण भरलेले आहेत का? एकही रिकामा असेल तर समिती विसर्जित होण्याआधी भरून घ्या.